चष्मा, चावी, अंगठी : कोयनेच्या पाण्यात उतरण्याआधी काय काढायचं, काय बांधायचं

साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला जा, महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरा, नाहीतर २०२४ मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झालेल्या मुनावळ्याला या. पाणी सगळीकडे एकच, कोयना धरणाचा शिवसागर. १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचा जलाशय. धरणाची भिंत १०३ मीटर उंच, आणि खाली जुन्या नदीचं पात्र, बुडालेली शेतं, गाळ. त्यात पडलेला चष्मा किंवा अंगठी परत मिळेल ही आशा सोडून द्या. पण वस्तू गेल्याचं दुःख निभतं. मला खरी काळजी वाटते ती तिच्यामागे झेपावणाऱ्या माणसाची. हातातून फोन निसटला की शरीर आपोआप वाकतं, बोट कलते, आणि पोहता न येणारा माणूस पाण्यात जातो. निसटेल अशी वस्तूच जवळ नसली, किंवा असलेली नीट बांधलेली असली, तर ती वेळ येत नाही. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आदल्या रात्री : तीन ढीग करा

घरातल्या पलंगावर सगळं काढून ठेवा आणि तीन ढीग करा. पहिला, घरीच राहणारा. दुसरा, गाडीत किंवा काठावरच्या माणसाजवळ राहणारा. तिसरा, खरोखर पाण्यावर जाणारा. तिसरा ढीग जितका लहान तितकं बरं. चष्म्याला पर्याय नसेल तर तो चष्मा, वॉटरप्रूफ पाऊचमधला एक फोन आणि सगळ्यांत मिळून थोडी रोकड. एवढ्यात बहुतेकांचं भागतं.

सोनं पहिल्या ढिगात. यावर माझं मत ठाम आहे आणि त्याचं कारण फक्त सोन्याचा भाव नाही. गार पाण्यात बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोट बारीक होतं. डिसेंबर-जानेवारीत कोयनेच्या पाण्यात दहा मिनिटं हात घातला तरी एरवी घट्ट बसणारी अंगठी फिरायला लागते. त्यात सनस्क्रीन किंवा खोबरेल तेल लावलेलं असलं की ती सांध्यावरून सहज निसटते. सोनं पाण्याच्या पंधरा-एकोणीस पट जड असतं, त्यामुळे निसटलेली अंगठी हात पुढे करेपर्यंत दिसेनाशी झालेली असते. याहून वाईट प्रकार म्हणजे बोटीत परत चढताना अंगठी कठड्याच्या खिळ्यात किंवा दोरात अडकणं. संपूर्ण शरीराचा भार त्या एका बोटावर येतो आणि बोटाची कातडी सोलून निघते, कधी बोटच जातं. अंगठ्या उतरवाच, अगदी साध्या तांब्याच्यासुद्धा. जोडव्यांचं आणि पैंजणांचंही तेच.

मंगळसूत्राचा प्रश्न नाजूक असतो हे मला माहीत आहे. गळ्यातलं काढायचं नाही असं घरात मानत असतील तर त्यावरून वाद घालू नका. मोठं मंगळसूत्र घरी ठेवून त्या दिवसापुरती काळ्या मण्यांची साधी, आखूड पोत घाला. दोऱ्यात ओवलेली असेल तर उत्तमच, कारण कुठे अडकली तर दोरा तुटतो, मान सुटते. जाड सोन्याची साखळी लाइफ जॅकेटच्या बकलात अडकली तर तसं होत नाही. कानातल्यांच्या फिरक्या घट्ट करून जाण्यापेक्षा कानातलं काढून जाणं सोपं. नाकातली चमकी निघत नसेल तर वरून औषधाच्या दुकानात मिळणारी चिकटपट्टी लावा.

घरातले वडीलधारे सोबत असतील तर दोन वस्तू हमखास विसरल्या जातात. कानातलं श्रवणयंत्र आणि तोंडातली कवळी. श्रवणयंत्र तुषारांनीही बिघडू शकतं, तेव्हा ते डबीत घालून काठावरच्या माणसाकडे द्या. पण आजोबांना आता ऐकू येणार नाही, हे बोटवाल्या दादांना आधी सांगा, म्हणजे सूचना हाताच्या खुणेने देतील. काढता येणारी कवळी सैल असेल तर लाटेच्या दणक्याने, खोकल्याने किंवा जोरात हसल्यानेही बाहेर येते. ती आधीच काढून डबीत ठेवायला सांगायचं, चारचौघांत न सांगता, हळूच.

चष्मा : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

चष्मा तरंगत नाही. प्लॅस्टिकची भिंगं पाण्यापेक्षा थोडीच जड असतात, पण तेवढंही पुरतं; काचेची भिंगं अडीचपट जड, धातूची फ्रेम त्याहून जास्त. गढूळ पाण्यात पारदर्शक वस्तू हातभर खोलीवरही दिसत नाही.

तेव्हा पहिलं काम : कपाटातला जुना चष्मा शोधा. नंबर पाव-अर्ध्याने बदललेला असला तरी दिवसभर पाण्यावर चालतो. नवा, महागडा, प्रोग्रेसिव्ह भिंगांचा चष्मा बामणोलीच्या धक्क्याच्या पुढे नेऊ नका. जुना चष्मा कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे न्या. बिजागरीचे स्क्रू आवळून, नाकावरचे पॅड सरळ करून, काड्यांची टोकं कानामागे जरा जास्त वाकवून द्यायला सांगा. पाच मिनिटांचं काम असतं, आणि बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसेही घेत नाहीत. सैल चष्म्याला कितीही चांगली दोरी लावली तरी तो नाकावर राहत नाही.

दुसरं काम, दोरी. बाजारात तीन प्रकार मिळतात आणि तिघांची कामं वेगळी आहेत. गळ्यात लोंबणारी साखळी किंवा सुती दोरी वाचनाच्या चष्म्यासाठी असते. पाण्यात ती चष्मा हरवू देत नाही, पण तो छातीवर आपटत राहतो, जॅकेटच्या बकलावर भिंगं घासतात आणि दोरी कशाततरी अडकते. काडीच्या टोकाला लावायचे सिलिकॉनचे आकडे घाम आला तरी चष्मा घसरू देत नाहीत, पण लाट तोंडावर आली की त्यांचा इलाज चालत नाही. उपयोगाचा तो तिसरा प्रकार : डोक्यामागून आवळता येणारा पट्टा, शक्यतो निओप्रीनचा किंवा आत फोम असलेला. घट्ट बसतो आणि चष्मा निघालाच तर पाण्यावर तरंगत ठेवतो.

पाकिटावर तरंगतो असं लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. पट्टा चष्म्याला लावा, बादली भरा, चष्मा उलटा-सुलटा करून बुडवा आणि सोडून द्या. दोन मिनिटांनीही वर असेल तरच पास. फोम पातळ आणि फ्रेम जड असेल तर चष्मा बुडतो. आणखी एक बघायचं : काड्या पट्ट्याच्या नळीत घट्ट बसल्या आहेत का. जाड काडीसाठीची नळी बारीक धातूच्या काडीवर सैल पडते आणि ओली झाली की सटकते. काडीच्या टोकाला रबराचं छोटं वेटोळं घातलं की हा प्रश्न सुटतो.

तिसरी गोष्ट, सवय. चष्मा कधीही कपाळावर किंवा डोक्यावर सरकवून ठेवू नका. बामणोलीहून वासोटा किल्ल्याकडे निघालेल्या मोटरबोटीत वारा समोरून येतो, माणूस फोटोसाठी मान वळवतो, आणि डोक्यावरचा गॉगल मागच्या मागे जातो. शर्टाच्या गळ्यात अडकवलेला गॉगल वाकल्यावर पडतो. चष्मा डोळ्यांवर असावा, नाहीतर कडक डबीत. मधली जागा नाही.

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाण्यात उतरणं हा सोपा उपाय वाटतो, पण तो करू नका. धरणाच्या, नदीच्या, विहिरीच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. लेन्सखाली तो बुबुळाला चिकटून राहतो आणि त्याचा संसर्ग बरा व्हायला महिने लागतात, नजरही जाऊ शकते. पाणी उडून लेन्स भिजलीच तर हात स्वच्छ करून ती काढा आणि टाकून द्या. डोळा लाल झाला, दुखायला लागला किंवा उजेड सहन होईना, तर थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा.

ज्यांचा नंबर जास्त आहे आणि ज्यांना पोहायचं आहे, त्यांनी नंबरचा पोहण्याचा गॉगल घ्यावा. साधारण उणे दीडपासून उणे आठपर्यंत अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने तो तयार मिळतो. सिलिंड्रिकल नंबर त्यात नसतो, म्हणून एक छोटा हिशेब करावा लागतो. सिलिंड्रिकलचा अर्धा भाग मूळ नंबरात मिळवायचा. उदाहरणार्थ, मूळ नंबर उणे तीन आणि सिलिंड्रिकल उणे एक असेल तर गॉगल उणे साडेतीनचा. सिलिंड्रिकल दोनच्या वर असेल तर एवढ्याने भागेलच असं नाही, चष्मेवाल्याला विचारा.

फोन : पाऊचची परीक्षा घरी घ्या

फोनवर आयपी ६८ हे धूळ-पाणी रोखण्याचं मानांकन लिहिलेलं असतं म्हणून लोक तो उघडाच नेतात. ती चाचणी स्थिर, स्वच्छ पाण्यातली असते. जेट स्कीवरून वेगाने पडताना बसणारा पाण्याचा मारा वेगळा, आणि दोन वर्षं वापरलेल्या, एकदा पडून कोपरा चेपलेल्या फोनचं सील नव्यासारखं राहिलेलं नसतं. शिवाय पाणी गेलेल्या फोनची दुरुस्ती बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही. पाऊच घ्याच.

पाऊच आणला की आत फोन घालण्याआधी कोरड्या टिश्यू पेपरची घडी घाला, बंद करा आणि बादलीत बुडवून वर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवा. अर्ध्या तासाने काढा, बाहेरून पुसा, मग उघडा. कागद कुठे जरी दमट लागला तरी तो पाऊच पैसे वाचवणारा नाही, फोन घालवणारा आहे. ही परीक्षा दर वर्षी नव्याने घ्या, कारण घडी पडते त्या जागी प्लॅस्टिक चिरतं आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही.

पाऊच तरंगायलाही हवा. नेहमीचा फोन दोनशे ग्रॅमच्या आसपास असतो आणि तो स्वतः जेमतेम शंभर मिलिलिटर जागा व्यापतो. म्हणजे उरलेल्या वजनासाठी पाऊचमध्ये चहाच्या लहान कपभर तरी हवा राहायला हवी. बंद करताना दाबून हवा काढायची सवय असते, ती इथे मोडायची. खात्रीसाठी फोनच्या वजनाचं काहीतरी घालून बादलीत सोडून बघा. पाऊचमध्ये चावी किंवा नाणी टाकू नका, त्यांची टोकं आतून भोकं पाडतात.

पाऊचची दोरी गळ्यात न घालता लाइफ जॅकेटच्या कडीला अडकवा आणि पाऊच जॅकेटच्या आत सरकवा. गळ्यातली दोरी उलटलेल्या कयाकच्या (वल्ह्याने चालवायच्या अरुंद, हलक्या होडीच्या) खाली कशाततरी गुंतली तर ती काढायला दोन्ही हात लागतात, आणि तेव्हा हात मोकळे नसतात. जेट स्कीवर मनगटाला लावायची एक दोरी असते, चालक पडला की तिच्यामुळे इंजिन बंद होतं. त्या दोरीला किंवा तिच्या कडीला दुसरं काहीही अडकवू नका.

निघण्यापूर्वी दोन कामं उरकून टाका. फोनवर *#०६# दाबलं की फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक येतो, तो घरी कागदावर लिहून ठेवा. फोन गेला तर पोलिसांत तक्रार देऊन त्या क्रमांकाच्या आधारे संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो. आणि खिशात काही रोकड, घरच्या दोन माणसांचे नंबर लिहिलेला कागद, हे झिपलॉक पिशवीत असू द्या. सगळे पैसे फोनमध्ये असले आणि फोन बुडाला तर परतीच्या जीपचं भाडं द्यायचं कसं? बॅकवॉटरच्या बऱ्याच भागात नेटवर्क लागत नाही, त्यामुळे फोन शाबूत असूनही पैसे पाठवता येत नाहीत.

गाडीची चावी

रिमोटची चावी पाण्यावर नेऊ नये. एकाला काठावर बसवायचं आणि त्याच्याकडे सगळ्यांच्या चाव्या द्यायच्या. पुढच्या फेरीला तो माणूस बदलायचा. सगळ्यांनाच जायचं असेल तर केंद्रावर लॉकर आहे का, चावी ठेवून घेतात का, हे तिकीट काढतानाच विचारा. टायरवर किंवा बंपरखाली चावी लपवण्याची युक्ती चोरांनाही माहीत असते.

दुचाकीची साधी चावी न्यावीच लागली तर जुन्या हवाई चपलेच्या तळाचा काडेपेटीएवढा तुकडा कापा, भोक पाडा आणि चावीला बांधा. जाळ्यांना तरंगण्यासाठी असे तुकडे लावलेले तुम्ही पाहिले असतील. एक तुकडा पुरतो की दोन लागतात ते पुन्हा बादलीच सांगेल.

एप्रिल-मेमध्ये चष्मा आणि फोन गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका. बंद गाडीतल्या उन्हाने भिंगांवरच्या थराला तडे जातात, फोनच्या बॅटरीला ते सोसत नाही. सीटखाली, टॉवेलात गुंडाळून ठेवा, बाहेरून दिसणार नाही असं.

काठावर : कोणत्या खेळाला काय

महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवरच्या पायडल बोटीत उलटण्याचा धोका कमी. तिथे वस्तू पडतात त्या हातांच्या देवाणघेवाणीत. फोन एका बोटीतून दुसऱ्या बोटीत फोटोसाठी देऊ नका, बस.

तापोळा-बामणोलीच्या मोटरबोटीत बॅग तळाशी ठेवली तर खाली साचलेल्या पाण्यात भिजते. मांडीवर घ्या किंवा फळीवर ठेवा. उन्हाळ्यात जलाशय उतरला की पाणी मागे जातं आणि बोटीपर्यंत चिखलातून चालावं लागतं. चिखलात चप्पल रुतते, माणूस ती काढायला वाकतो, वरच्या खिशातलं सगळं बाहेर. वरचा खिसा मोकळाच ठेवा.

कयाकमध्ये नवखा माणूस उलटणार हे धरून चालायचं. ड्राय बॅग, म्हणजे पाणी आत न जाणारी पिशवी, असेल तर तोंडाची पट्टी निदान तीन घड्या घालून मग चाप लावा, बॅग कयाकच्या कडीला बांधा, अंगाला नको. चष्मा घट्ट पट्ट्यात.

बनाना राइड आणि बंपर राइडमध्ये, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या हवेच्या फुग्यावर बसवून, तुम्हाला मुद्दाम पाण्यात पाडतात. तिथे चष्मा, घड्याळ, फोन काहीही नको. आणि पोहण्याचा गॉगलही नको, कारण वेगात तोंडावर पडल्यावर तो डोळ्याच्या खोबणीत रुततो. चष्म्याशिवाय अंधुक दिसत असेल तर सोबत्याला सांगून ठेवा, पडल्यावर आवाज देत राहायला. जेट स्की मात्र चष्म्याशिवाय स्वतः चालवू नका, प्रशिक्षित चालकाच्या मागे बसा. दहा मिनिटांच्या मजेसाठी समोरचं न दिसता यंत्र हाकणं मला कोणत्याही अंगाने पटत नाही.

सांगलीकडे कृष्णेत पोहायला उतरणाऱ्यांची गोष्ट निराळी. सरकारी घाटावर, माई घाटावर लॉकर वगैरे काही नसतं, कपड्यांचा ढीग पायरीवरच राहतो. चष्मा डबीत, डबी बुटात, आणि एकजण नेहमी पायरीवर बसलेला. कृष्णेच्या या पट्ट्यात, भिलवडी-औदुंबरच्या बाजूला, मगरी आहेत. तेव्हा तिथे पडलेल्या वस्तूसाठी काठाच्या झुडपांत किंवा डोहात शिरायचं नाही.

पडलीच तर

पहिलं, बसून राहा. हात वर करून बोटवाल्यांना थांबायला सांगा. तरंगणारी वस्तू वल्ह्याने जवळ ओढतील, ते त्यांचं रोजचं काम आहे. बुडालेली असेल तर काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, म्हणजे एक झाड आणि त्यामागचं घर, आणि दुसऱ्या बाजूला अशीच आणखी एक जोडी. त्या दोन रेषा जिथे छेदतात ती जागा. पाणी कंबरेपर्यंतच असेल तर गाळ खाली बसू द्या आणि मग बघा, लगेच पायांनी चाचपलं तर वस्तू आणखी आत जाते. लोखंडी कडीतला चाव्यांचा जुडगा दोरीला बांधलेल्या लोहचुंबकाने निघू शकतो. सोनं, टायटॅनियमची फ्रेम चुंबकाला दाद देत नाही. पाणी पुरुषभर खोल असेल तर सोडून द्या. कुणालाही, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही, पैसे देऊन बुडी मारायला सांगू नका. तळाशी जुनी झाडं आणि जाळी असू शकतात.

फोन भिजला तर बंद करा, सिमची खाच उघडा, पुसा, सावलीत वाऱ्यावर ठेवा. चार्जरला लावू नका. तांदळाच्या डब्यात घालू नका, त्याचा कोंडा खाचांत जाऊन बसतो. चावीचा रिमोट भिजला तर उघडून बटण-सेल काढा आणि पूर्ण सुकल्यावर नवा घाला.

परतल्यावर

टॉवेल आणि ओले कपडे धक्क्यावर झटकू नका. त्यांच्या घडीतच कानातली आणि चाव्या अडकलेल्या असतात. गाडीत, खाली चादर पसरून एकेक उलगडा. काठावरच्या माणसाकडून वस्तू घेताना आदल्या रात्रीच्या ढिगाशी ताडून घ्या. चष्मा आधी स्वच्छ पाण्याने धुवा, मगच पुसा, नाहीतर गाळाचे कण भिंगावर ओरखडे पाडतात. पट्टा आणि पाऊच उघडे ठेवून सावलीत वाळवा, आणि बिजागरीचे स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्या.